धुरामागची व्हिस्की: धुरकट सिंगल माल्ट चाखायची कशी आणि तिचं मोल जोखायचं कसं

धुरकट सिंगल माल्टच्या (म्हणजे एकाच भट्टीत, एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्कीच्या) पहिल्या घोटावर कुणाचंच मत ग्राह्य धरू नये, स्वतःचंसुद्धा. लाफ्रॉइग, आर्डबेग किंवा लागावूलिन अशी एखादी स्कॉटिश धुरकट व्हिस्की आयुष्यात पहिल्यांदा तोंडात गेली की जिभेला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे धूर. एक जण ग्लास खाली ठेवून म्हणतो, "अरे, हे तर टिंक्चर आयोडीन!" दुसरा डोळे मिटून म्हणतो, "क्या बात है!" दोघंही बोलत असतात धुराबद्दल. व्हिस्कीपर्यंत अजून कुणी पोचलेलंच नसतं.

आणि धूर हा त्या बाटलीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे. बार्ली धुरावर वाळवणं हे काही तासांचं काम. खरा पैसा लागतो तो पुढे: भट्टीवरच्या माणसाची नजर, ओकचं चांगलं पिंप, आणि गोदामात पडून गेलेली वर्षं. किंमत या दुसऱ्या भागासाठी मोजायची असते, पण गिऱ्हाईक भाळतं पहिल्यावर. म्हणून आधी धूर ओळखायचा, मग तो बाजूला सारून खाली काय आहे ते बघायचं, आणि जे दिसेल त्याला किती रुपये द्यायचे ते ठरवायचं. या लेखाचा क्रमही तोच आहे.

धूर येतो कुठून

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयला नावाचं बेट आहे (हो, मराठी कानाला गंमत वाटेल असंच नाव). तिथे झाडं कमी, दलदल भरपूर. शेवाळ, गवत, हेदरची झुडपं हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजून जो काळा थर तयार होतो, तो पीट. विटांसारखा कापून, वाळवून तो पूर्वापार सरपण म्हणून वापरला जातो. व्हिस्कीसाठी बार्ली भिजवतात, तिला मोड आणतात आणि मोड पुढे वाढू नयेत म्हणून ती वाळवतात. वाळवताना खाली पीट जाळला, तर धुरातली फिनॉल वर्गाची रसायनं ओल्या दाण्याच्या सालीला चिकटतात. ग्वायकोलमुळे लाकडी धुराचा आणि लवंगेच्या अंगाचा वास येतो, तर क्रेसोलमुळे दवाखान्याचा आणि डांबराचा.

या फिनॉलचं प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) सांगतात, आणि शौकिनांच्या गप्पांत हा आकडा फार मिरवतो. लागावूलिन साधारण ३५, लाफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५५ च्या आसपास. ब्रुकलाडीच्या भट्टीतून येणाऱ्या ऑक्टोमोरची एक आवृत्ती तर ३०९ पर्यंत गेली होती. पण हा आकडा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नसतो. चोथा टाकून देताना, आंबवताना आणि ऊर्ध्वपातनात फिनॉल बऱ्यापैकी गळतात. उरलेले पिंपात वर्षागणिक कमी होत जातात. त्यामुळे ३०९ ची ऑक्टोमोर लागावूलिनच्या नऊपट धुरकट लागत नाही, जवळपाससुद्धा नाही.

हा आकडा किती फसवा आहे याचा उत्तम पुरावा आयलावरच मिळतो. लागावूलिन आणि कल ईला या दोन्ही भट्ट्या डियाजिओ या मद्यकंपनीच्या. दोघींना माल्ट जातो बेटावरच्याच पोर्ट एलेनच्या कारखान्यातून, आणि धुराचं प्रमाणही जवळपास सारखंच. तरी लागावूलिन जाड, तेलकट, गंभीर, आणि कल ईला हलकी, स्वच्छ, लिंबाच्या अंगाची. फरक पडतो तो तांब्याच्या भांड्यांच्या आकारानं आणि ती चालवण्याच्या रीतीनं. लागावूलिनची भांडी पेरूसारखी बुटकी, आणि त्यांत काम संथपणे चालतं. कल ईलाची भांडी उंच आणि कमी भरलेली, म्हणून वाफेचा तांब्याशी संपर्क जास्त. आर्डबेगच्या भांड्याला तर एक जादा नळी आहे, ती जड वाफ परत खाली पाठवते. ५५ पीपीएम असूनही आर्डबेग फळकट लागते त्यात तिचा मोठा हात आहे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. ऊर्ध्वपातनात फळांचे, फुलांचे सुवास आधी येतात आणि जड फिनॉल उशिरा. भांड्यातून पडणाऱ्या दारूची धार कधी तोडायची हे भट्टीवरचा माणूस ठरवतो. लवकर तोडली तर धूर कमी. उशिरा तोडली तर धुरासोबत रबर, ओलं चामडं, घामट कडवटपणाही आत शिरतो. चांगला धूर आणि घाणेरडा धूर यांतलं अंतर बरंचसं इथे ठरतं.

बसण्याआधी

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे घराचा वास. देवघरात धूप लागला असेल, कोपऱ्यात डासांची कॉइल जळत असेल किंवा स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडली असेल, तर धुरकट व्हिस्की चाखायला बसू नका. विशेषतः धूप आणि कॉइल. नाक आधीच धुराला सरावलेलं असेल तर ग्लासातला अर्धा धूर गायब होईल आणि तुम्ही त्या व्हिस्कीला "तशी सौम्यच आहे" असं प्रशस्तिपत्रक देऊन बसाल. हातावर वासाचा साबण नको, अंगावर अत्तर नको. पान, सुपारी, सिगारेट, कॉफी यांपासून तासभर लांब. जेवणाआधीची वेळ उत्तम, कारण भुकेलं नाक तल्लख असतं.

ग्लास खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास २००१ पासून यासाठी जगभर चालतो. तो नसेल तर छोटा वाइन ग्लास घ्या. घरातले जाड बुडाचे नक्षीदार ग्लास पाहुण्यांसाठी ठेवा, त्यांच्या रुंद तोंडातून सुवास थेट छताकडे जातो. ओतायची २० ते २५ मिली, म्हणजे स्मॉल पेगपेक्षाही थोडी कमी. शेजारी साधं गाळलेलं पाणी. बोअरचं जड पाणी चव बिघडवतं. केमिस्टकडून एक ड्रॉपर आणा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे पण या सगळ्या खटाटोपात ग्लासाखालोखाल महत्त्वाची.

तापमानाचं पुस्तकी उत्तर 'खोलीचं तापमान' असं असतं, पण ती खोली स्कॉटलंडमधली. मे महिन्यात नागपुरात किंवा अकोल्यात खोलीच्या तापमानाची व्हिस्की म्हणजे नाकात अल्कोहोलची वाफ. २० अंशांच्या आसपास हवी. एसी लावा, नाहीतर बंद बाटली माठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. बर्फ नको, निदान पारख संपेपर्यंत तरी. थंडीनं सुवास झाकला जातो आणि धूर तेवढा कडवट होऊन उरतो.

चकणा बाजूला. मसाला शेंगदाणे आणि चिवडा यांच्याशी माझं वैर नाही, पण त्यांची पाळी नंतर.

सोबतीला एक बिनधुराची सिंगल माल्ट ठेवली तर फार सोपं जातं. ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनफिडिच १२ चालेल (नावापुढचा आकडा पिंपातल्या वर्षांचा). आधी तिचा एक घोट, मग धुरकट. उलट क्रम करू नका. लाफ्रॉइगनंतर ग्लेनलिव्हेट म्हणजे नुसतं गोड पाणी लागतं, आणि त्यात बिचारीचा काही दोष नसतो.

पायरी १: रंग बघा आणि विसरा

गडद सोनेरी रंग बघून 'जुनी असणार' असं वाटतं. स्कॉच व्हिस्कीत ई१५०ए हा कॅरमेलचा रंग घालायला कायद्यानं मुभा आहे, त्यामुळे रंगावरून वय सांगणं म्हणजे केसांच्या कलपावरून वय सांगणं. लागावूलिन १६ चा तांबूस रंग सुंदर दिसतो, आर्डबेग १० फिकट पिवळी दिसते, आणि यावरून दोघींबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ग्लासाच्या भिंतीवरून ओघळणाऱ्या धारांवरही लोक प्रवचनं देतात. अल्कोहोलचं प्रमाण जास्त असेल तर धारा ठळक दिसतात, एवढाच अर्थ घ्या.

पायरी २: थांबा

ओतल्यावर ग्लासावर छोटी बशी ठेवून दहा मिनिटं काही करू नका. तीव्र वाफ शांत होते. नुकतीच उघडलेली बाटली असेल तर पंधरा मिनिटं द्या.

पायरी ३: नाक, तीन फेऱ्यांत

ग्लासात नाक खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. तोंड उघडं असलं की अल्कोहोलचा झटका कमी बसतो. एकदा डाव्या, एकदा उजव्या नाकपुडीनं घ्या. ग्लास जोरात गरगर फिरवायची वाइनवाली सवय इथे सोडा.

पहिली फेरी फक्त धुरासाठी. 'स्मोकी आहे' एवढं लिहून थांबू नका, कोणता धूर ते शोधा. चुलीचा लाकडी धूर आहे की हुरड्याच्या शेकोटीचा? भरताचं वांगं विस्तवावर भाजतानाचा करपट-गोड वास? की दवाखान्याचा वास, आयोडीन आणि जखमेवरची पट्टी? ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा खारट, शेवाळी वास? सुकटीच्या बाजारातून गेल्यासारखा? नुकताच टाकलेला डांबरी रस्ता? की विझलेल्या चुलीतली कोरडी राख? ही यादी तुमच्या आठवणीतून बनली पाहिजे. इंग्रजी परीक्षणांतली 'हाइलँडच्या कुरणातली ओली मेंढी' ज्यानं हुंगलेली नाही त्याला तिचा काय उपयोग?

साधारण दिशा सांगायची तर लाफ्रॉइग औषधी आणि समुद्री, आर्डबेग काजळी-डांबर आणि लिंबू, लागावूलिन धुरावलेल्या काळ्या चहासारखी, तर ऑर्कनी बेटांवरच्या हायलँड पार्कचा धूर हेदरमुळे फुलांच्या, मधाच्या अंगाचा. स्काय बेटाच्या तालिस्करमध्ये धुरासोबत मिरी. हे पाठ करू नका, पडताळून बघा.

दुसरी फेरी पाच मिनिटांनी, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची. एकच वास सतत आला की नाक त्याला सरावतं आणि तो मागे पडतो. एरवी हा नाकाचा दोष, पण इथे तो आपल्या कामाचा. सरावलेल्या नाकापुढून धूर आपोआप बाजूला होतो आणि त्याच्याखाली दबलेलं वर येतं: लिंबाची साल, पिकलेलं केळं, पेर, मध, व्हॅनिला, बेदाणे, कोको, गूळ, ज्येष्ठमध. इथे निदान दोन-तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत. काहीच सापडलं नाही, नुसती स्पिरिटची झणझण आणि ओला पुठ्ठा एवढंच आलं, तर कागदावर तसं लिहा. पुढे किंमत ठरवताना ते लागेल.

तिसरी फेरी पिंपासाठी. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातून आलेली असेल तर व्हॅनिला आणि खोबरं, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातून असेल तर सुका मेवा आणि गडद गोडवा. ओकचा सुतारकामासारखा कोरा वास फार पुढे येत असेल तर पिंप व्हिस्कीवर बसलं आहे असं समजा. मध्येमध्ये स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक जागेवर येतं.

पायरी ४: जीभ

पहिला घोट चमचाभराहून कमी, आणि तो फक्त तोंडाला सवय लावण्यासाठी. त्यावर मत द्यायचं नाही. दुसरा घोट जिभेवर पसरू द्या, हळू चावल्यासारखा फिरवा, दहा-एक सेकंद. चवीचा क्रम पकडायचा प्रयत्न करा. चांगल्या धुरकट माल्टमध्ये बहुतेकदा गोडवा आधी येतो, मग खारटपणा किंवा मिरीची धग, आणि धूर शेवटी वर चढतो. धूर पहिल्या क्षणी येऊन शेवटपर्यंत एकाच सुरात किंचाळत राहिला, तर ते तोलाचं लक्षण नाही.

गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. धुराचा खरा पोत या उच्छ्वासात कळतो. सोबतच अंग बघा: पाण्यासारखी पातळ आहे, तेलकट आहे, की साईसारखी चिकटते? कमी अल्कोहोलची आणि थंड करून गाळलेली व्हिस्की इथे अनेकदा पातळ पडते.

पायरी ५: पाणी

धुरकट व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे पाप, असं मानणारे बरेच भेटतात. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठाच्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर नेमकी ग्वायकोलची हालचाल तपासली. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायकोलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ गोळा होतात, आणि ५९ टक्क्यांच्या वर ते आत खोल ढकलले जातात. म्हणजे कडक व्हिस्कीत थोडं पाणी घातलं की धुराचा वास नाकाच्या जवळ येतो. पाण्यानं धूर मरतो ही समजूत त्यामुळे निदान थोड्या पाण्याच्या बाबतीत उलटी ठरते.

किती घालायचं? ४६ टक्क्यांची २५ मिली व्हिस्की ४० वर आणायला सुमारे पावणेचार मिली पाणी लागतं, म्हणजे पाऊण छोटा चमचा. ५७.१ टक्क्यांच्या आर्डबेग कोरीव्रेकनची २० मिली ४६ वर आणायला साधारण ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा. एकदम ओतू नका. ड्रॉपरनं थोडं, मग नाक, मग घोट, मग पुन्हा थोडं. पाण्यानं काय उघडलं आणि काय मोडलं, दोन्ही लिहा.

यानंतर एक निर्दय चाचणी. उरलेल्या व्हिस्कीत तिच्याइतकंच पाणी घाला, म्हणजे ती २०-२३ टक्क्यांवर येईल. मोठ्या कंपन्यांचे ब्लेंडर, म्हणजे व्हिस्क्यांची मिसळण ठरवणारे जाणकार, रोजच्या कामात साधारण २० टक्क्यांवरच वास घेतात, कारण तिथे अल्कोहोलची आड नसते आणि दोष लपत नाहीत. कच्चेपणा असेल तर उकडलेली कोबी, आंबट दूध, जळकं रबर असे वास इथे उघडे पडतात. चांगली व्हिस्की एवढ्या पाण्यातही धूर आणि फळ दोन्ही धरून ठेवते. पिण्यासाठी हे पाणी जास्त आहे, पण परीक्षेसाठी योग्य.

पायरी ६: मागे काय उरतं

घोट संपल्यावर घड्याळ बघा. चव मिनिटभरात विझली की तीन मिनिटं टिकली? पण लांबीपेक्षा शेवट कसा होतो ते महत्त्वाचं. धूर कोरडा होत गेला आणि मागे गोडवा किंवा मीठ राहिलं, तर उत्तम. तोंडात सिगारेटचं थोटूक विझवल्यासारखं वाटलं, किंवा लाकडाचा कडवटपणा जिभेला धरून बसला, तर ती लांबी काय कामाची? लागावूलिन १६ चं नाव झालं आहे ते बरंचसं या शेवटावर.

पायरी ७: रिकामा ग्लास

ग्लास न धुता, बशी झाकून रात्रभर ठेवा. अल्कोहोल उडून जातं, जड रेणू राहतात. सकाळी चहाच्या आधी वास घ्या. चांगल्या माल्टच्या ग्लासात गोडसर राख, मध, जुनं लाकूड सापडतं. नुसती ओली राख आणि आंबटपणा आला, तर बाटलीत धुराखाली फारसं काही नव्हतं. फुकटची चाचणी आहे, आणि यात लेबलचा प्रभाव कमीत कमी पडतो.

आता पैशाची गोष्ट

सुरुवात साध्या भागाकारानं. ७०० मिलीची ४० टक्क्यांची बाटली म्हणजे २८० मिली शुद्ध अल्कोहोल. ४६ टक्के असेल तर ३२२ मिली, आणि ५७.१ असेल तर जवळजवळ ४००. समजा ४० टक्क्यांची एक बाटली ५,६०० रुपयांना आणि ४६ ची ६,४४० ला मिळते आहे. दुसरी महाग दिसते, पण शुद्ध अल्कोहोलच्या हिशोबानं दोन्हींचा भाव मिलीमागे २० रुपयेच. पाणी तर आपणच घालणार आहोत. पाण्याचे पैसे कंपनीला का द्या? बाटली ७०० ची आहे की ७५० ची, तेही तपासा. ड्युटी फ्रीमध्ये लिटरच्या बाटल्या असतात, तिथे हा भागाकार केल्याशिवाय स्वस्त-महाग कळतच नाही.

मग वय. बिनधुराच्या माल्टमध्ये जास्त वर्षं म्हणजे जास्त खोली, हे बऱ्याच अंशी खरं. धुरकट माल्टमध्ये हिशोब वेगळा, कारण वर्षांबरोबर धूर उतरतो. पाच वर्षांची आर्डबेग वी बीस्टी आणि आठ वर्षांची लागावूलिन धुराच्या जोरात मोठ्या बहिणींना मागे टाकतात. रांगडा धूर हवा असेल तर पंचवीस वर्षांच्या बाटलीवर पैसे घालवू नका. तिथे धुराची फक्त सावली उरते. ती सावली काहींना फार मोलाची वाटते, तो वेगळा शौक आणि वेगळा खिसा. लेबलवरचा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण पिंपाचा असतो, आणि आकडाच नसेल तर स्कॉचसाठी कायद्यानं एवढंच ठरलेलं आहे की निदान तीन वर्षं ओकमध्ये गेली. वय न सांगणारी बाटली वाईट नसते. आर्डबेग उगदाल (५४.२ टक्के) वय सांगत नाही आणि तिला कमी लेखणारा शौकीन मला भेटलेला नाही. पण वय लपवून किंमत मात्र अठरा वर्षांची लावली असेल, तर तुमचा कागद बाहेर काढा आणि दुसऱ्या फेरीत काय लिहिलं होतं ते वाचा.

लेबलवरच्या शब्दांत 'चिल फिल्टर केलेली नाही' आणि 'नैसर्गिक रंग' या दोन दाव्यांना थोडे पैसे जादा द्यायला हरकत नाही. ४६ टक्क्यांच्या खाली न गाळलेली व्हिस्की थंडीत गढूळ होते, म्हणून अनेक कंपन्या ती थंड करून गाळतात, आणि त्यात थोडं अंग जातं. 'लिमिटेड एडिशन', पुराणकथा, लाकडी पेटी, धातूचा डबा यांना शून्य.

आता आपल्याकडचा खास काटा. आयात स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं: हजार रुपयांचा माल बंदरातून बाहेर पडेपर्यंत अडीच हजारांचा, आणि त्यानंतर राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट, व्यापाऱ्यांचे वाटे. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं तेव्हा भाव दिसण्याइतके उतरले होते. २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात सीमाशुल्क आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं आहे. सांगायचा मुद्दा हा की लंडनच्या परीक्षकानं एखाद्या बाटलीला 'पैसा वसूल' म्हटलं, तर ते लंडनच्या भावानं. पुण्यातल्या वाइन शॉपसमोर उभं राहून ते वाक्य आठवू नका.

म्हणूनच भारतीय धुरकट माल्ट गंभीरपणे घ्याव्यात. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन बोल्ड आणि बंगळुरूची अमृत पीटेड, दोन्ही ४६ टक्क्यांच्या. अमृतनं २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन आपली सिंगल माल्ट विकायला सुरुवात केली, आणि तिच्या धुरकट बाटल्यांना लागणारी पीटवरची बार्ली स्कॉटलंडहून येते. इथे वयाची तुलना करू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडते, बंगळुरूत दहा-बारा टक्के. आपल्या उष्णतेत लाकूड झपाट्यानं काम करतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांची भारतीय माल्ट पिंपाच्या चवीत बरीच पिकलेली लागते. समुद्री, औषधी अंग हवं असेल तर आयलाला पर्याय नाही. मसालेदार, गोड अंगाचा धूर चालत असेल तर आयात शुल्क भरायचं कारण काय?

आता माझी पद्धत. एक धुरकट बाटली पायाभूत धरायची, जिचा भाव आणि चव दोन्ही ओळखीची आहेत. आर्डबेग १० किंवा पॉल जॉन बोल्ड या कामाला चांगल्या. नवी बाटली तिच्या दुप्पट किमतीची असेल तर घरच्या कुणालातरी तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एक, तिसऱ्यात दुसरी, खाली चिठ्ठी, तुमची पाठ. वेगळा ग्लास ओळखता आला का? पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या संध्याकाळी करा, कारण धुरानं जीभ लवकर थकते. नुसत्या अंदाजानं तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून त्याहून स्पष्टपणे जास्त वेळा ओळखता आलं पाहिजे. ओळखता आला नाही, तर दुप्पट किंमत तुमच्यासाठी वाया. ओळखता आला, तर पुढचा प्रश्न: फरक धुरात आहे की धुराखाली? फक्त 'जास्त धुरकट' एवढाच फरक असेल तर मी जादा पैसे देत नाही. फळ, मीठ, पोत, शेवट यांत फरक असेल तर पाकीट उघडतो. दुपटीच्या पुढे जाताना मात्र माझा हात आखडतो, आणि तो तसाच आखडलेला बरा. या चाचणीत दहा मिलीचे घोट पुरेत, आणि थुंकायला वाटी ठेवायला लाजू नका. गाडी त्या दिवशी अर्थातच दुसऱ्यानं चालवायची.

विकत घेताना

पूर्ण बाटलीआधी बारमध्ये ३० मिली घ्या. बारचा पेग महाग वाटतो, पण नावडत्या सात हजारांच्या बाटलीपेक्षा स्वस्तच. ५० मिलीची मिनिएचर मिळाली तर सोनं. परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, तेव्हा ड्युटी फ्रीमध्ये आयलाची बाटली घेणं शहाणपणाचं. पण तिथल्या 'खास प्रवासी आवृत्ती'च्या लेबलवर टक्के आणि वय आधी वाचा. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं लेबल हवं. ते नसताना दुकानदार 'ओळखीतून आलीय' म्हणाला, तर ओळख वाढवू नका. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. गोव्यात बाटली स्वस्त मिळते हे खरं, पण ती परवान्याशिवाय सीमेच्या अलीकडे आणणं गुन्हा आहे, आणि सिंधुदुर्गातल्या तपासणी नाक्यावर 'घरी पिण्यासाठीच आहे' हे उत्तर चालत नाही. तिथेच चाखून या.

उघडलेली बाटली

मूल्याच्या हिशोबात हा भाग बहुतेक जण विसरतात. ७०० मिलीच्या बाटलीत ३० मिलीचे तेवीस पेग असतात. महिन्याला दोन घेतले तर जवळजवळ वर्ष लागतं. धुराची तीक्ष्ण टोकं हवेशी संपर्क आल्यावर आधी बोथट होतात, त्यामुळे अर्ध्या रिकाम्या बाटलीतली लाफ्रॉइग सहा महिन्यांनी मवाळ झालेली आढळते. काहींना ती तशीच जास्त आवडते. बाटली उभी ठेवा, आडवी नको, नाहीतर अल्कोहोलनं बूच खराब होतं. उजेड आणि उष्णता टाळा, स्वयंपाकघरातलं कपाट तर अजिबात नको. मुंबई-कोकणच्या दमटपणात लेबल सुटतात, त्याकडे दुर्लक्ष करा, पण बूच कोरडं पडून तुटत असेल तर जुन्या बाटलीचं नीट बसणारं बूच जपून ठेवत चला. दोनशे मिलीच्या आसपास उरली की उरलेली व्हिस्की स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या २०० मिलीच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा आणि वर नाव-तारखेची चिठ्ठी लावा. त्याआधी त्या बाटलीत गुलाबपाणी किंवा व्हिनेगर नव्हतं ना, तेवढं हुंगून बघा.